रूपकुंडाची फिरती साक्ष

पहिला संशय जपान्यांवर गेला, असं सांगतात. साल १९४२. फेब्रुवारीत सिंगापूर पडलं, मार्चमध्ये रंगून, आणि पूर्वेकडून कुठून कोण घुसेल याची धास्ती हिंदुस्थानातल्या गोऱ्या अंमलदारांना लागून राहिली होती. त्याच वर्षी गढवालच्या डोंगरांत, त्रिशूळ शिखराच्या खालच्या अंगाला, वनखात्याचे रेंजर हरिकिशन मढवाल एका तळ्याशी पोचले आणि त्यांना काठावर माणसांची हाडं दिसली. एकदोन नव्हेत. कवट्या, बरगड्या, मांड्यांची हाडं, सगळा काठ भरलेला. थंडीमुळे काही हाडांवर मांस टिकलं होतं, केसही होते. असं काही पाहिल्यावर ही माणसं अलीकडेच मेली असावीत, असं वाटणं साहजिक होतं. तिबेटमार्गे चोरून उतरणारी जपानी तुकडी बर्फात गारठली असणार, असा तर्क निघाला. हाडं नीट पाहिल्यावर तो टिकला नाही. ती फार जुनी होती. पण या तळ्याच्या बाबतीत पुढे जे पुन्हा पुन्हा घडणार होतं, त्याची ही सुरुवात होती. ज्याला ज्याची भीती, आस्था किंवा अभिमान, त्याला त्या हाडांत नेमकं तेच सापडत गेलं.

तळ्याचं नाव रूपकुंड. उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात, समुद्रसपाटीपासून ५,०२९ मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या तिपटीहून जास्त उंचीवर. त्याला सरोवर म्हणणं धाडसाचंच आहे; या काठापासून त्या काठापर्यंत जेमतेम ४० मीटर. वर्षातला बहुतेक काळ ते गोठलेलं असतं. पावसाळा सरताना काही आठवडे बर्फ हटतं आणि मग तळ आणि काठ उघडे पडतात. तिथे एकूण किती माणसं आहेत, यावर एकमत नाही. तीनशे म्हणणारे आहेत, आठशे म्हणणारेही आहेत. याला कारण आहे. पुराणवस्तू शोधणाऱ्याला मातीचे थर लागतात. खालचं आधीचं, वरचं नंतरचं, या हिशेबावर त्याचं सगळं शास्त्र उभं असतं. रूपकुंडाला थरच नाहीत. वरच्या उतारावरून दरडी येतात, बर्फ सरकतं, हाडं खाली घरंगळतात, एकाची कवटी दुसऱ्याच्या बरगड्यांशेजारी जाऊन थांबते. त्यात रस्ता माहीत झाल्यापासून येणाऱ्या हौशी गिर्यारोहकांनी भर घातली. कोणी फोटोसाठी कवट्या ओळीने मांडल्या, कोणी एखादं हाड आठवण म्हणून पिशवीत टाकून नेलं. म्हणजे घटनास्थळाचा पंचनामा होण्याआधीच घटनास्थळ शंभरदा हललेलं होतं.

स्वातंत्र्यानंतर, १९५०च्या दशकात, रूपकुंड वर्तमानपत्रांत गाजू लागलं. लखनौ विद्यापीठाचे मानववंशशास्त्रज्ञ डी. एन. मजुमदार यांनी हाडं तपासायला घेतली. कैलास-मानसरोवराचा परिसर पायाखाली घातलेले स्वामी प्रणवानंदही तिथे जाऊन आले. चामड्याची पायताणं, अंगठ्या, बांबूच्या काठ्या अशा वस्तू सापडल्या होत्या. आता जपान्यांच्या जागी नवे उमेदवार आले. सगळ्यांत दणकट उमेदवार होता जोरावरसिंग. जम्मूच्या गुलाबसिंगाचा हा सेनापती लडाख जिंकून तिबेटात घुसला आणि डिसेंबर १८४१ मध्ये तकलाकोटजवळ ऐन हिवाळ्यात मारला गेला. त्याच्या फौजेतले वाचलेले लोक खिंडी ओलांडून हिंदुस्थानच्या बाजूला पळाले, हा इतिहास आहे. त्यांतलेच काही वाट चुकून इथे मेले, हा तर्क. दुसरा उमेदवार त्याहून जुना. मुहम्मद तुघलकाने १४व्या शतकात हिमालयात पाठवलेली फौज जवळजवळ नामशेष झाली, त्याचं वर्णन इब्न बतूताने करून ठेवलं आहे. तीच ही फौज, असंही म्हणून झालं.

दोन्ही तर्कांना एकच गोष्ट नडली. हाडांत बायका होत्या. फौजेबरोबर बायका असू शकतात, मुघलांच्या आणि मराठ्यांच्या छावण्यांत त्या असतच. पण पराभूत होऊन बर्फातून पळणाऱ्या तुकडीत त्या इतक्या प्रमाणात कशा असतील? शिवाय ही काही तिबेटच्या व्यापाराची वाट नव्हे. नीतीची खिंड, मानाची खिंड या राबत्या वाटा बाजूला राहतात. रूपकुंडावरून जाणारी वाट एकाच कामाची आहे, यात्रेच्या.

ती यात्रा समजून घेतल्याशिवाय या तळ्याबद्दल बोलण्यात अर्थ नाही, आणि मराठी वाचकाला ती समजायला फारसा वेळ लागू नये. नंदादेवी ही गढवाल-कुमाऊंची लेक. माहेर खाली गावांत, सासर वर बर्फात, शंकराच्या घरी. माहेरपणाला आलेल्या लेकीला सासरी पोचवायला सगळा मुलूख निघतो, ती ही नंदादेवी राजजात. बायका रडतात, गाणी म्हणतात, लेकीच्या हाती घालावं तसं देवीला कपडेलत्ते नि दागिने देतात. आपल्याकडे गौरी तीन दिवसांत येऊन जातात. इथे नंदेची पाठवणी नौटी गावापासून होमकुंडापर्यंत जाऊन परतेस्तोवर जवळजवळ तीन आठवडे चालते, चाल सुमारे २८० किलोमीटरची. सगळ्यांच्या पुढे चार शिंगांचा मेंढा असतो, पाठीवर देवीचा अहेर बांधलेला. शेवटी त्याला बर्फाच्या दिशेला सोडून देतात. जात दर १२ वर्षांनी निघते असं म्हणायचं. प्रत्यक्षात ती १९६८, १९८७, २००० आणि २०१४ साली निघाली. मुहूर्त, पैसा आणि मानपानाची भांडणं हिमालयातही असतातच.

वाटेवरचं शेवटचं गाव वाण. तिथे नंदेचा धर्मभाऊ लाटू याचं देऊळ आहे. ते वर्षातून एकदा उघडतं आणि पुजारीही डोळ्यांवर पट्टी बांधून आत जातो. देवाला पाहण्याची कोणाची प्राज्ञा नाही. वाणच्या पुढे बायकांनी जायचं नाही, चामड्याची वस्तू न्यायची नाही, वाजंत्री न्यायची नाही, असा जुना दंडक सांगतात. पुढे बेदनीचं विस्तीर्ण गवताळ पठार लागतं, मग पातर नचौणी, मग कैलवा विनायक, आणि झाडझुडूप संपून गेल्यावर रूपकुंड. कुंडाच्या वर ज्यूंरागलीची चढण आहे. उतार इतका उभा, की तिथे पाय सटकलेला माणूस थेट तळ्याकडेच घरंगळत येईल.

आता गोष्ट. कनौजचा राजा जसधवल, त्याची राणी बलंपा ही गढवालच्या चांदपूर गढीची राजकन्या. म्हणजे नात्याने नंदेची बहीणच. कनौजावर नंदेचा कोप झाला, पाऊस पडेना, तेव्हा राजा लवाजमा घेऊन यात्रेला निघाला. निघाला तो राजाच्या थाटात. गरोदर राणी बरोबर, मुलंबाळं बरोबर, नाचणाऱ्या कलावंतिणीही बरोबर. पठारावर तळ पडला आणि राजाने नाच मांडला. देवीने त्या नर्तकींना जागच्या जागी दगड करून टाकलं. पातर नचौणी ती हीच जागा. राजा तरी थांबला नाही. वर एका गुहेत राणी बाळंत झाली आणि देवीचा डोंगर विटाळला. तेव्हा नंदेने लाटूला सांगितलं, आणि रूपकुंडाशी पोचलेल्या त्या सगळ्या मेळ्यावर लोखंडासारख्या टणक गारांचा मारा झाला. कोणी वाचलं नाही.

विल्यम सॅक्स हे हायडेलबर्गचे मानववंशशास्त्रज्ञ १९८७च्या जातीत स्वतः चालले, गाणी गोळा केली आणि १९९१ साली त्यांवर पुस्तक काढलं. त्यांच्यासारख्या माणसाला ही गोष्ट निव्वळ भाकड वाटणं शक्य नव्हतं. तिचा नकाशा चोख आहे. प्रत्येक प्रसंगाला जागा आहे, जागेला दगड आहे. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त बोलकी वाटते. राजाने मोडलेले नियम नि वाणच्या पुढे पाळायचे नियम बरेचसे एकच आहेत: बाई, वाजंत्री. हाडं पाहून कोणी तरी गोष्ट रचली, आणि गोष्टीतून नियम निघाले? की नियम आधीचे होते, आणि काठावर बायकांची हाडं नि चामड्याची पायताणं पाहून ‘यांनी नियम मोडला होता’ हा निकाल ओघानेच आला? लोकस्मृती इतिहास जपते असं म्हणायची आपल्याला हौस आहे. ती इतिहास जपते तशी समोर दिसणाऱ्या पुराव्याची उकलही करते, आणि ही उकल शेकडो वर्षांपूर्वीच्या हुशार माणसांनी केलेली असू शकते. कनौजची राजवंशावळ काढून बसलं तर काही जुळत नाही. ९व्या शतकात कनौजवर प्रतिहार मिहिरभोज होता. जसधवल हे नाव त्या वंशावळीत नाही.

९व्या शतकाचा उल्लेख उगाच केला नाही. १९५०च्या दशकात रेडिओकार्बनची पद्धत नवीन होती. जिवंत असेतो प्राणी अन्नातला किरणोत्सारी कार्बन घेत राहतो, मेल्यावर तो हळूहळू घटत जातो. किती उरला ते मोजायचं आणि वय काढायचं. त्या काळच्या मोजणीने रूपकुंडाची हाडं सुमारे पाचशे ते आठशे वर्षांची ठरवली. जपानी आणि जोरावरसिंग दोघेही बाद. पुढे जवळजवळ अर्धं शतक यात कोणी फार लक्ष घातलं नाही.

मग आली २००४ची मोहीम, नॅशनल जिओग्राफिक वाहिनीच्या माहितीपटासाठी काढलेली. तिच्यात सॅक्स होते आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे आणि प्रमोद जोगळेकर होते. वाळिंबे हाडांवरून माणूस वाचणारे. हवेत ऑक्सिजनची कमतरता, पायाखाली घसरणारा मुरूम, आणि हाताशी मोजके दिवस. अशा स्थितीत त्यांनी कवट्या पाहिल्या. काहींच्या माथ्यावर खोल, आखूड भेगा होत्या. भरून न आलेल्या, म्हणजे त्या घावातून माणूस सावरलेला नव्हता. तलवारीची किंवा भाल्याची जखम अशी नसते. दरडीखाली सापडलेल्या माणसाची इतर हाडंही मोडतात. इथे घाव वरून, डोक्यावर, गोल नि जड वस्तूचा होता, क्रिकेटच्या चेंडूएवढ्या. ऑक्सफर्डच्या प्रयोगशाळेने नव्याने वय काढलं ते इसवी सन ८५०च्या आसपासचं. गोल वस्तू, वरून पडणारी, उघड्या डोंगरावर, आडोसा नाही: गारा.

हे ऐकून हसण्याआधी मुरादाबाद आठवावं. ३० एप्रिल १८८८ रोजी तिथे झालेल्या गारपिटीत २४६ माणसं मेली. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीत गारपिटीने झालेली सर्वाधिक मनुष्यहानी ती हीच, आणि ती मैदानात, घरं-झाडं जवळ असताना झालेली. पाच हजार मीटरवर उघड्या खडकात काय होईल ते वेगळं सांगायला नको.

तर लोकगीतांनी हजार वर्षं सांगितलेलं खरं निघालं! जगभरच्या बातम्यांचा मथळा हाच होता, आणि तो इतका देखणा होता की त्यामागचा आकडा कोणी विचारला नाही. न भरलेल्या अशा जखमा पुढच्या शास्त्रीय मांडणीत तीन व्यक्तींच्या म्हणून नोंदल्या गेल्या. काठावर माणसं शेकड्यांनी आहेत. तीन जणांना गारांनी मारलं, एवढं हाडं सांगत होती. सगळ्यांना एकाच संध्याकाळी गारांनी मारलं, हे आपण सांगत होतो.

त्याच वेळी आणखी एक बातमी आली, आणि तिने रूपकुंडाला थेट महाराष्ट्राशी जोडलं. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेत काही नमुन्यांच्या आईकडून येणाऱ्या डीएनएची तपासणी झाली. तीन नमुन्यांत एक असा बदल सापडला, जो महाराष्ट्रातल्या एका समूहाखेरीज कुठे आढळत नाही, असं छापून आलं. पुढच्या बातम्यांनी समूहाचं नावही घेतलं: कोकणस्थ ब्राह्मण. मग कथा पुरी झाली. एका कुटुंबातले किंवा कुळातले उंचेपुरे यात्रेकरू खालच्या मुलखातून आले, त्यांनी ठेंगणे स्थानिक हमाल नि वाटाडे घेतले, आणि गारांनी सगळ्यांना एकदम गाठलं. ९व्या शतकात चित्पावन होते कुठे आणि ते हिमालयात कशाला जातील, हा प्रश्न कोणाला फारसा पडला नाही. यातली गंमत अशी, की सह्याद्रिखंडातल्या कथेत परशुरामाने समुद्रकाठी वाहून आलेली प्रेतं उठवून ज्यांना ब्राह्मण केलं, ते हेच. अनोळखी प्रेतांशी नातं जोडलं जाण्याचा हा त्यांच्या वाट्याला आलेला दुसरा प्रसंग.

सीसीएमबीचे कुमारसामी थंगराज यांना मात्र आपल्याच आकड्यांत खुपणारं काही दिसत होतं. आईकडच्या डीएनएची ७२ सांगाड्यांवर तपासणी झाल्यावर त्यात एकजिनसी मेळा दिसेना. बरेच नमुने दक्षिण आशियातले होते. पण काहींचे धागे आजच्या पश्चिम आशिया-युरोपकडच्या लोकांशी जुळत होते. मग पूर्ण जनुकसंचाची तपासणी करायचं ठरलं. हार्वर्डचे डेव्हिड राइक आणि एडीन हार्नी, लखनौच्या बिरबल साहनी संस्थेचे नीरज राय, डेक्कन कॉलेजच्या वीणा मुश्रीफ-त्रिपाठी अशी मोठी फळी त्यात होती. निष्कर्ष २० ऑगस्ट २०१९ रोजी ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आले, आणि पाऊणशे वर्षांत बांधलेली प्रत्येक कथा एका दिवसात कोसळली.

डीएनए मिळाला तो ३८ माणसांचा. त्यांतली २३ माणसं आजच्या भारतीयांसारख्या वंशाची होती. ती एका गावची, जातीची किंवा प्रांताची नव्हती. उपखंडातल्या वेगवेगळ्या समूहांतली होती. ३८ जणांत कोणी कोणाचं जवळचं नातेवाईक नव्हतं: आईबाप-मुलं नाहीत, भावंडं नाहीत, चुलत-मावस भावंडंसुद्धा नाहीत. म्हणजे ‘एकाच कुळातले यात्रेकरू’ गेले. साथीच्या रोगाच्या जंतूंचा मागमूस लागला नाही, म्हणून साथीचा तर्कही लंगडा पडला. आणि या २३ जणांची वयमोजणी पाहिली तर ते सगळे एका वेळी मेलेलेच नव्हते. मृत्यू ७व्या ते १०व्या शतकांत पसरलेले होते. काहींच्या मृत्यूंमध्ये शंभराहून जास्त वर्षांचं अंतर पडत होतं. मग ती एक दुर्घटना कुठली? जिच्यासाठी जपानी, तुघलक, जोरावरसिंग, जसधवल आणि गारा असे एवढे आरोपी उभे केले, ती घटना एक कधी नव्हतीच. अवघड वाटेवर, निरनिराळ्या पिढ्यांत, माणसं मरत राहिली. कधी एखाददोन, कधी गारांच्या तडाख्यात कदाचित बरीच एकदम.

पंढरीच्या वाटेवर काय किंवा केदार-बद्रीच्या वाटेवर काय, यात्रेकरू मरणं हे जुन्या काळी नवल नव्हतं. हा उलगडा इथेच थांबला असता तर रूपकुंडाचं गूढ बऱ्यापैकी मिटलं असतं.

पण उरलेल्या १५ जणांनी ते मिटू दिलं नाही. त्यांतले १४ जण भूमध्य समुद्राच्या पूर्व भागातले निघाले. आजच्या लोकांत त्यांचं सर्वांत जवळचं साम्य ग्रीसच्या मुख्य भूमीवरच्या लोकांशी आणि क्रीट बेटावरच्या लोकांशी. पुरुषही आणि बायकाही. आणि ते ९व्या शतकातले नव्हते. ते मेले इसवी सन १८००च्या आसपास, बहुधा सगळे एकाच वेळी.

हे वाचून ज्याला शंका येणार नाही त्याने शास्त्र वाचू नये. पहिली शंका: हाडं हाताळणाऱ्या कोणा परदेशी माणसाचा डीएनए मिसळला नसेल? दुसरी: इतकी वर्षं खोक्यांत पडलेली हाडं दुसऱ्या कुठल्या हाडांत मिसळली नसतील? पहिल्या शंकेला उत्तर हाडांतल्या अन्नाने दिलं. आपण खातो ते धान्य हाडांत कार्बनच्या रूपाने खूण ठेवतं. गहू, तांदूळ, डाळी यांची खूण एक; ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी यांची दुसरी. भारतीय गटाच्या हाडांत दोन्ही प्रकारच्या खुणा कमी-अधिक मिळाल्या, जसं नाचणी-झंगोरा आणि भात-गहू खाणाऱ्या देशात मिळावं. त्या १४ जणांच्या हाडांत भरडधान्य जवळजवळ नव्हतंच. वंश, वय आणि आहार या तीन वेगवेगळ्या चाचण्यांनी त्याच माणसांना वेगळं काढलं. बाहेरून चिकटलेल्या डीएनएने हे होत नाही. आहाराने आणखी एक नवल केलं. बेटावरच्या माणसांत मासळी दिसावी. यांच्या हाडांत समुद्राची खूण फारशी नव्हती. म्हणजे किनाऱ्यापासून आत राहणारे असावेत, किंवा देश सोडून त्यांना बरीच वर्षं झालेली असावीत. खोकी मिसळल्याची शंका उरते. पण असे १४ ग्रीक सांगाडे मिसळायला भारतात होते तरी कुठे?

आता नवे उमेदवार ताबडतोब पुढे आले, अलेक्झांडर सगळ्यांत आधी. हिमालयात अलेक्झांडरच्या वाट चुकलेल्या शिपायांची कथा कुठेही चिकटते. हिमाचलातल्या मलाणा गावाची बरीचशी पर्यटनकीर्ती तिच्यावर उभी आहे. पण दोन हजार वर्षं इथे राहिलेल्या यवनांचे वंशज इथल्या लोकांत मिसळल्याशिवाय राहिले नसते, आणि या १४ जणांत तशी भारतीय भेसळ नाही. ती माणसं त्या देशातून आलेली होती, आजोबा-पणजोबांच्या काळात नव्हे, स्वतः.

१८००चं हे साल तरी पक्कं धरावं का? पुरतं नाही. साधारण १६५० नंतरच्या काळात वातावरणातल्या कार्बनची पातळी अशी वरखाली झाली, की त्या पुढच्या तीन शतकांतला नेमका काळ रेडिओकार्बनला सांगता येत नाही. १८०० हा मधला अंदाज. पण तोच धरला तर चित्र फार विचित्र दिसतं. १८०३च्या सप्टेंबरात गढवालला मोठा भूकंप झाला. त्यापाठोपाठ गुरखे आले. १८०४ साली देहरादूनजवळ खुडबुड्याच्या लढाईत राजा प्रद्युम्न शाह पडला आणि १८१५ पर्यंत मुलुखावर गुरख्यांचा कडक अंमल राहिला. या काळात परका माणूस नजरेतून सुटत नसे. १८१२ साली मूरक्रॉफ्ट आणि हिअरसी हे दोघे गोसाव्यांचा वेष करून नीतीच्या खिंडीतून मानसरोवराला गेले, तर परतताना गुरख्यांनी त्यांना धरून ठेवलं आणि त्याचा पत्रव्यवहार झाला. त्याही आधी, १६२४ साली, आंद्राद हा पोर्तुगीज पाद्री श्रीनगर-गढवालवरून माना खिंडीने तिबेटात शिरला, तर वाटेत गढवालच्या राजाच्या माणसांनी त्याची चौकशी मांडली. दोन-तीन गोऱ्या माणसांची अशी नोंद राहते, मग भूमध्येकडच्या बायका-पुरुषांचा एक तांडा १६ हजार फुटांवर चढून मेला आणि कुठल्याच दप्तरात कागद नाही, हे कसं?

ग्रीक माणसं त्या काळी हिंदुस्थानात नव्हती, असं मात्र नाही. कलकत्ता आणि ढाका इथे ग्रीक व्यापाऱ्यांची वस्ती होती. अथेन्सचा दिमित्रिओस गालानोस १७८६ साली त्यांच्या मुलांना शिकवायला कलकत्त्याला आला, १७९३ साली काशीला जाऊन राहिला, संस्कृत शिकला, ग्रंथांचे ग्रीक अनुवाद केले आणि १८३३ साली काशीतच वारला. चाळीस वर्षं तो काशीच्या पंडितांत पंडितासारखा राहिला. एखाद्या ग्रीकाला हिमालयाच्या यात्रेची ओढ लागणं अशक्य नव्हतं, एवढंच त्यातून दिसतं. एका माणसाच्या ओढीवरून १४ जणांचा मेळा उभा करायचा मोह मला होतो, आणि तो आवरायला हवा. रूपकुंडाच्या आजवरच्या सगळ्या कथा असल्याच मोहातून निघाल्या.

सॅक्स यांच्यासारख्या, ती वाट पायाखाली घातलेल्या माणसाला हे निष्कर्ष सहज गिळता येण्यासारखे नव्हते. ज्यांनी निष्कर्ष काढले त्यांनीही ‘का’ या प्रश्नाला ठाम उत्तर दिलेलं नाही. नंदेच्या गाण्यांत या लोकांना जागा नाही. १८००चं मरण तर गाण्याच्या दृष्टीने अगदी कालचं. हजार वर्षांपूर्वीचा राजा आठवतो आणि सात-आठ पिढ्यांपूर्वीचे परदेशी आठवत नाहीत, हे लोकस्मृतीवर भरवसा ठेवणाऱ्यांनी समजावून सांगायला हवं. की हा तांडा वाण गावातून गेलाच नाही? खालच्या गावांतल्या कोणाला न दिसता त्या उंचीवर पोचायचं तर वाट कुठली धरायची?

इकडे तळ्याची रया जातच होती. २०१८च्या ऑगस्टमध्ये उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ पठारांवर, रात्री मुक्काम करायला बंदी केली. कारण हाडं नव्हतं, तुडवलं जाणारं गवत होतं. पण बेदनीला राहता येत नाही म्हटल्यावर हौशी पर्यटकांची रूपकुंडाची सहल बसली. हाडांना त्यातून आयता विसावा मिळाला.

राहता राहिला अडतिसावा माणूस. तो पुरुष आहे, त्या १४ जणांच्याच काळातला, पण त्यांचा नव्हे. त्याचा वंश आग्नेय आशियाकडचा. तो भूमध्येकडच्या मेळ्याबरोबर होता, की वेगळ्या वर्षी वेगळ्या वाटेने आला, हे सांगता येत नाही, कारण एका माणसावरून गट ठरवता येत नाही. त्याच्या मुलखाचे आणखी कोणी तिथे असतीलही. ३८ हा शेकड्यांमधला लहानसा वाटा आहे, आणि कुठलं हाड उचललं गेलं, कुठल्यात डीएनए टिकला, हा बराचसा योगायोगाचा भाग. पुढच्या खेपेला दुसरी हाडं तपासली तर चौथा गट निघणार नाही, असं आज कोणी छातीठोकपणे म्हणू शकत नाही.